भाऊची बाजू

तीन नंबरला भंगारात काढायचं की नाही, याचा निकाल आमच्या सोसायटीने वार्षिक सभेत लावला नाही; तो गुणाजीकाकांवर ढकलला. तसं तोंडाने कुणी म्हटलं नाही. ठराव असा झाला, की रविवारी इंजिन पेटवून दाखवायचं. नीट वाफ धरली, बागेतल्या रुळांवर पुढे-मागे चाललं, तर ते राहील आणि दर वर्षी वर्धापनदिनाला पेटवलं जाईल. काही गडबड झाली, तर सोमवारी भंगारवाला येईल आणि त्या जागेवर गाड्या लागतील. गाड्यांच्या बाजूने बरेच हात वर होते. मुलुंडमध्ये घरात मूल एक असतं आणि गाड्या दोन, त्यामुळे त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही.

गुणाजी धुरी हे माझे घरमालक. समोर टॉवर, आणि त्यांच्या मागे त्याच आवारात इथल्या जुन्या चाळकऱ्यांना बांधून दिलेली एक साधी इमारत. तिच्या चौथ्या मजल्यावर काका आणि सुगंधाकाकी राहतात आणि आतल्या खोलीत मी भाड्याने राहतो. मी कुर्डुवाडीचा. पहिल्या दिवशी गाव सांगितल्यावर काकांचे डोळे असे चमकले, की मला वाटलं आता भाडं कमी करतात.

"कुर्डुवाडी? म्हणजे न्यारो गेजचो वर्कशॉप थंयच ना?"

मी हो म्हणालो. आमच्याकडे पत्ता सांगतानासुद्धा वर्कशॉपपासून सांगतात, पण त्याच्या आत काय चालतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. शाळेने तिकडे फिरकायला मनाई केली होती आणि मी आज्ञाधारक मुलगा होतो. हे काकांना सांगायचं राहून गेलं. त्या दिवसापासून ते मला 'कुर्डुवाडी' म्हणतात आणि इंजिनाबद्दल काहीही सांगताना मला ते आधीच ठाऊक असणार असं धरून चालतात. मी मान हलवत राहिलो. मान हलवून हलवून आता खरंच थोडं कळायला लागलं आहे.

आमच्या टॉवरांच्या जागी पूर्वी पाइपांचा कारखाना होता. मोठ्या लाइनीपासून एक साइडिंग फुटायची, आग्रा रोड ओलांडायची आणि कारखान्याच्या फाटकातून आत शिरायची. तिच्यावर स्टेशन नव्हतं, तिकीट नव्हतं, वेळापत्रक नव्हतं. कोळसा आणि पोलादाचे वॅगन आत न्यायचे, पाइप भरलेले वॅगन बाहेर आणायचे, एवढंच तिचं आयुष्य. त्यासाठी कारखान्याची स्वतःची तीन ठेंगणी इंजिनं होती. पाण्याची टाकी पाठीवर खोगिरासारखी घेतलेली. एक आणि दोन नंबर कधीच वितळले. तीन नंबर राहिलं, कारण कारखाना बंद पडला तेव्हा ते शेडच्या मागे झाडीत होतं आणि यादी करणाऱ्याला दिसलं नाही. पुढे बिल्डरने ते शोभेला म्हणून बागेत आणून ठेवलं आणि जांभळ्या रंगात रंगवलं. तो रंग काकांनी दोन वर्षं सोसला.

काका कणकवलीकडच्या गावातून मुंबईला आले ते वडिलांच्या मागोमाग गिरणीत लागायला. वडील परळला साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणीच्या धुळीने पोराला असा खोकला धरला, की एका नातेवाइकाने त्याला उचलून मुलुंडला या कारखान्यात चिकटवलं. कापसाची धूळ सोसवत नाही म्हणून कोळशाच्या धुळीत. आधी इंजिन पुसायचं, मग कोळसा फोडायचा, मग फायरमन. आणि फायरमनवर जे थांबलं ते थांबलंच, कारण पुढे भाऊ होते.

भाऊ हे नातं नव्हे, नावच. भाऊ पडवळ, तीन नंबरचे ड्रायव्हर. जन्मभर काकांनी ज्यांच्यासोबत त्या पत्र्याच्या खोपटाएवढ्या कॅबमध्ये दिवस काढले ते हे. इंजिनाच्या कॅबमध्ये जागा अशी नसतेच, पण भाऊंनी तिची वाटणी केली होती. डावी बाजू ड्रायव्हरची: वाफ सोडायचा दांडा, ब्रेक, शिट्टीची साखळी. उजवी फायरमनची: फावडं, भट्टी, पाण्याची काच आणि बॉयलरमध्ये पाणी घालायचा इंजेक्टर. एकाने दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. इंजिन निघण्याआधी बाहेरून तेलाची बुधली घेऊन सबंध वळसा घालायचा, प्रत्येक सांधा चाचपायचा, वर चढून सेफ्टी वाल्व बघायचा. हा फेरा ड्रायव्हरचा. फेरा पुरा झाला की भाऊ कॅबच्या पत्र्यावर पान्याने दोनदा वाजवायचे, टक टक. आतून काका फावड्याने तसंच उत्तर द्यायचे. म्हणजे बाहेरचं ठीक, आतलं ठीक, चला.

"कधी बाहेर डोकावून बघावंसं नाही वाटलं?" मी एकदा विचारलं.

"त्येच्या कामात मी बघलंय तर त्येचो अपमान," काका म्हणाले. "माझ्या भट्टीत त्येना डोकावला तर माझो."

"आणि शिट्टी?"

यावर स्वयंपाकघरातून काकी म्हणाल्या, "शिट्टीचा नाव काढू नको."

सुगंधाकाकी म्हणजे आग्रा रोडवरच्या गेटमनची मुलगी. इंजिन रस्ता ओलांडायचं तेव्हा वडील लाल झेंडा धरून वाहतूक अडवायचे आणि ही फाटकाजवळ उभी असायची, अर्थात वडिलांना डबा द्यायला. एकदा काकांनी तिला बघून डाव्या बाजूला हात लांबवला आणि साखळी ओढली. अर्धवट कूक. भाऊंनी इंजिन थांबवलं, काकांना खाली उतरवलं आणि कारखान्यापर्यंत मागून चालत यायला लावलं. लग्न झालं, पोरं झाली, पोरांची पोरं झाली, काकींनी ती कूक विसरू दिली नाही. "गवळ्याची सायकलसुद्दा टिंगटिंग करी," त्या म्हणतात. "ह्येंचा यवढा मोठा इंजिन, पण आवाज काय तो पुरो येवक नाय."

भाऊ निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला रस्ता रुंद झाला, गेट उखडलं, साइडिंग बंद पडली. काकांना ड्रायव्हर व्हायची पाळी आली तेव्हा चालवायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी कारखान्यात हातगाडी ढकलली, नंतर फाटकावर वॉचमन म्हणून बसले. भाऊ मानखुर्दला मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. पण काका आजही तीन नंबरच्या कॅबमध्ये चढले की उजवीकडूनच चढतात, आणि कॅबमधून पलीकडे जायचं असलं तर डाव्या कोपऱ्याला वळसा घालतात. त्या कोपऱ्यात कुणी उभं असावं तसा. मी एकदा तिथे टेकलो, तर म्हणाले, "हय सर. थंय नको."

इंजिन दुरुस्त केलं ते शौनकने. टॉवरमधला मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर, दोन मित्रांना घेऊन वर्षभर सुट्ट्या त्याने तीन नंबरच्या पोटात घालवल्या. बॉयलरची सरकारी तपासणी रीतसर करून घेतली. आधी तो जांभळा रंग खरवडला, तेव्हापासून काकांचा तो लाडका. लाडका म्हणजे शिव्या खायचा हक्क मिळालेला.

"हातमोजे घालून फावडा धरतंस? वरातीत इलंस काय?"

"काका, चटका बसतो."

"मग बसांदे ना. तेच्याशिवाय कळतला कसा?"

शनिवारी चाचणी झाली. वाफेच्या दाबाचा काटा चढत चढत लाल रेघेवर आला आणि वरचा सेफ्टी वाल्व उडाला. दोन पितळी खांब आणि त्यांच्यामध्ये आडवी दांडी. वाफ हद्दीबाहेर गेली की दांडी उचलली जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. अशी पडली, की टॉवरांवरची सगळी कबुतरं उडाली आणि बाविसाव्या मजल्यावरून तक्रारीचा फोन आला.

"म्हातारी खोकली," काका समाधानाने म्हणाले. "बरी आसा."

त्या दिवशी शौनकने वाल्व स्वतः बसवला होता म्हणून वर चढून तपासला होता, सगळीकडे तेलही दिलं होतं. त्याला फेरा म्हणतात आणि तो रोज घालायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काकांना सांगावंसं वाटलं नाही, कारण डाव्या बाजूच्या माणसाला त्याचं काम शिकवणारा फायरमन त्यांनी बघितला नव्हता.

रविवारी उजाडताच काकांनी भट्टी पेटवली. मला माइक दिला होता. कुर्डुवाडीच्या शाळेतलं मराठी टॉवरमध्ये शुद्ध समजलं जातं. मी पोचलो तेव्हा बागेत खुर्च्या लागल्या होत्या, दोरी बांधून झाली होती आणि सेक्रेटरी नंदकुमार दाबके फुलवाल्याच्या मागे फिरत होते. नंदकुमार हे बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन आणि हौशी गृहस्थ. इंजिनाच्या माथ्यावर झेंडूचा भला मोठा कलश हवा ही त्यांची कल्पना. फुलवाल्याची दोन माणसं वर चढून कलशाचा लोखंडी सांगाडा पक्का करत होती. काका आत, पाठमोरे, भट्टीत बघत.

तेवढ्यात वरून आवाज आला. टक टक.

काकांनी मान न वळवता फावडं उचललं आणि कॅबच्या पत्र्यावर वाजवलं. टक टक. वरचा फुलवाला दचकून म्हणाला, "क्या हुआ चाचा?" पण भट्टीच्या आवाजात ते आत आलं नाही. काकांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी मिटलं, रात्रीचं शेवटचं दार लावून झाल्यावर मिटतं तसं. मला गंमत वाटली. म्हटलं, म्हातारा फुलवाल्याशी तालात बोलतो आहे.

शौनक आला, डाव्या बाजूला उभा राहिला. गळ्यात लाल रुमाल, आईने बांधलेला.

"सगळं ओके ना काका?"

"माझा ओके," काका म्हणाले. "तुझा?"

"माझंपण."

प्रत्येकाने आपलं सांगितलं आणि दुसऱ्याचं ऐकलं. मी तिथेच होतो. मलाही सगळं ओके वाटलं.

कार्यक्रम दहाचा होता. काकांनी आग त्या हिशोबाने चढवली होती, की दहाला काटा लाल रेघेच्या किंचित खाली हवा. तो तसा होता. फक्त नंदकुमारांचं भाषण संपत नव्हतं. ते आगिनगाडीच्या जन्मापासून निघाले होते आणि अजून मुंबईत पोचायचे होते. काकांनी खालचा डँपर लावला, म्हणजे भट्टीला वारा कमी मिळेल. तरी रसरसलेली आग एकदम गप्प होत नाही. काटा लाल रेघेला टेकला.

"आता उडेल," शौनक म्हणाला. "कान झाका."

मी कान झाकले. काही उडालं नाही.

काटा रेघेवरून पलीकडे सरकला. थोडासाच. काकांनी तबकडीच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

"काका, काल बरोबर रेघेवर उडाला होता ना?"

"व्हय."

"मग?"

काकांनी इंजेक्टर सुरू केला. सूं करून गार पाणी बॉयलरमध्ये शिरायला लागलं आणि काटा थबकला. काचेतलं पाणी चढत होतं. मला एवढं कळत होतं की हा उपाय काच भरेपर्यंतच चालणार. त्यानंतर पाणी नाही घालता येत.

शौनक डावीकडून खाली उतरला, इंजिनाच्या तोंडाकडे गेला आणि वर बघितलं. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

"वायर," तो हळू म्हणाला. "कलशाची बांधायची वायर. वाल्वच्या दांडीवरून घेऊन खालच्या नळीला आवळलीय. दांडी उचलूच शकत नाही."

"फेरो घातलंस तेव्हा दिसली नाय?"

"कसला फेरा?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वर छताकडे बघितलं, जिथून टक टक आलं होतं, आणि मला वाटतं त्या एका क्षणात त्यांना सगळं कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला: वरची ती टक टक त्यांनी फेरा पुरा झाल्याची खूण धरली होती.

"मी पक्कड घेऊन चढतो," शौनक म्हणाला. "एक वायर तोडायची, बास."

तो पायरीवर पाय ठेवतो तोच काकांनी उजव्या खिडकीतून हात काढून त्याची कॉलर धरली. "खाली हो. वायर तुटली की वाल्व तुझ्या तोंडावर उडतलो. सालटा निघतला. आवशीक काय दाखवू?"

"मग आग बाहेर ओढूया."

"खंय ओढतलंस? ती बघ." दोरीच्या पलीकडे पहिल्या रांगेत सोसायटीची झाडून सगळी पोरं मांडी घालून बसली होती. काही पोरं दोरीच्या अलीकडेही होती.

काटा पुन्हा हलला. रेघेच्या पुढे आकडे होते, पण ते तिथे का छापतात असा प्रश्न पडावा इतके लांबचे. आता ते लांबचे वाटत नव्हते. कुठूनतरी बारीक वाफ सुटल्याचा आवाज यायला लागला होता, दात दाबून धरल्यासारखा.

"कुर्डुवाडी," काका म्हणाले, "लोकांक मागे घे. पण घाबरव नको. पळापळ झाली तर पोरा चेंगरतली."

मी माइक घेतला. नंदकुमार एका शतकाच्या मध्यावर होते, त्यांना थांबवून मी म्हणालो, "सर्वांना विनंती, इंजिन निघण्याच्या तयारीत आहे, कृपया सर्वांनी क्लब हाउसच्या दिशेने मागे सरकावं." हे ऐकून सगळे फोन वर करून चार पावलं पुढे आले. इंजिन निघताना मागून कोण बघतो?

शौनक खालून ओरडायच्या बेतात होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंडात आलं ते बोललो.

"आणखी एक सूचना. क्लब हाउसमध्ये नाश्ता सुरू झालेला आहे. मेदुवडा मर्यादित आहे. कृपया मुलांना सोबत न्यावं, कूपन नंतर चालेल."

मुलुंडचा माणूस शिस्तीचा आहे. पळापळ झाली नाही. पण इतक्या झपाट्याने आणि इतक्या गप्पपणे एवढी माणसं एका दिशेने चालताना मी पहिल्यांदा पाहिली. पोरांना बखोट्याला धरून आया निघाल्या. नंदकुमार हातातले कागद घेऊन एकटे उभे राहिले, त्यांना शौनकने दंडाला धरून नेलं आणि तसाच तो बाकीच्यांना हाकत क्लब हाउसच्या कोपऱ्यापर्यंत गेला.

कॅबमध्ये आम्ही दोघं. काच वरपर्यंत भरली. काकांनी इंजेक्टर बंद केला आणि ओली राख फावड्याने आगीवर टाकायला सुरुवात केली. आग काळवंडली, तरी तिच्या पोटात लाल होतंच. काटा थांबला नाही, नुसता सावकाश झाला.

"तू पण जा."

"तुम्ही?"

"मी आग सोडून जातलंय?"

मी गेलो नाही. यात शौर्य फारसं नव्हतं.  मी इकडे तिकडे बघत होतो आणि मला डाव्या कोपऱ्यात, लाकडी मुठीची, पुसून लख्ख केलेली साखळी दिसली.

"काका, शिट्टी वाफेवर वाजते ना?"

ते राख टाकायचे थांबले.

"म्हणजे वाजवली तर वाफ बाहेरच जाईल," मी म्हणालो आणि त्या बाजूला हात लांबवला.

"हात लावू नको." आवाज इतका करडा होता, की मी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. "ता तुझा काम न्हय."

"मग कुणाचं? शौनक तिकडे आहे."

त्यांनी काटा बघितला. भट्टी बघितली. मग डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. एवढ्याशा कॅबमध्ये, दोन पावलांच्या अंतरावर. मला ओरडावंसं वाटत होतं, की काका, तिथे कुणी नाही, मानखुर्दला सुतक फिटूनसुद्धा किती वर्षं झाली. पण ज्या माणसाने जन्मभर त्या कोपऱ्याला वळसा घातला, त्याला हे मी काय सांगणार?

त्यांनी फावडं उजव्या कोपऱ्यात नीट उभं केलं. हात पंच्याला पुसले.

"भाऊ, जरा सरा," ते म्हणाले, आणि पलीकडे जाऊन साखळी ओढली.

आधी नुसतं पाणी खाकरलं. मग शिट्टी लागली. ती वाजली असं म्हणणं कमी आहे. माझ्या छातीच्या फासळ्यांत शिरली. शेडमध्ये, झाडीत, जांभळ्या रंगाखाली जेवढी वर्षं गेली तेवढं सगळं बाहेर पडल्यासारखी. काकांनी साखळी सोडली नाही. दोन्ही हातांनी धरून तिला लोंबकळल्यासारखे उभे राहिले. टॉवरांवरून आवाज परत येत होता, त्यात नवा मिसळत होता. कुत्री पळाली. खिडक्या उघडल्या, मग लागल्या. मी राख टाकायला फावडं घेतलं आणि त्यांनी मानेने नुसती परवानगी दिली.

काटा तसाच. शिट्टी चालू. काटा तसाच. काकांची मूठ साखळीवरून घसरायला लागली तेव्हा मी त्यांच्या मागे उभा राहिलो, पण साखळीला हात लावला नाही. मग काटा, अगदी नाइलाज झाल्यासारखा, एक केसभर खाली आला. पुन्हा एक. लाल रेघेच्या अलीकडे आला तरी त्यांनी सोडली नाही. रेघेपासून चांगला लांब गेला, शिट्टीचा आवाज बसत बसत म्हाताऱ्या माणसाच्या कण्हण्याइतका झाला, तेव्हा कुठे हात सुटले.

क्लब हाउसकडून टाळ्या ऐकू आल्या. हातात वड्याच्या प्लेटी घेऊन लोक परत येत होते.

नंदकुमार सगळ्यांत पुढे. "वा गुणाजी, काय शिट्टी दिलीत! अंगावर काटा आला. आता दर वर्षी हेच. भाषण कमी, शिट्टी जास्त."

शौनकने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. ती वायर कुणाला दिसली नव्हती. अर्ध्या तासात वाफ उतरली असती, आम्ही ती तोडली असती आणि तीन नंबर दर वर्षी पेटलं असतं. काकांना दुसरं काही नको होतं. ठराव झाल्यापासून तेच मागत होते. ते सावकाश उतरले, डावीकडून, आणि नंदकुमारांना बाजूला घेऊन गेले.

"सायब, ती टाळी वाजवूची शिट्टी नव्हती."

त्यांनी सगळं सांगितलं. कलश, वायर, टक टक. शौनक मध्ये पडून म्हणाला, "चूक माझीपण आहे, मी डाव्या बाजूला होतो." काका म्हणाले, "तुका कोणी सांगूक नाय. माका म्हायत होता." नंदकुमारांनी वर झेंडूच्या कलशाकडे बघितलं, मग खुर्चीत बसले. म्हणाले, "पहिल्या रांगेत माझी नात होती."

सोमवारी भंगारवाला आलाच नाही. ज्याच्या कलशाने हे झालं त्यानेच त्याला बोलवायचं होतं आणि नंदकुमारांना तेवढं निर्लज्ज होता येत नाही. तीन नंबर राहिलं. पण पुन्हा आग नाही, कधीच नाही, असं पुढच्या सभेत एकमताने ठरलं. काकांनीही हात वर केला. शौनकने केला नसता, काकांनी बघितल्यावर केला.

त्या रविवारी घरी आल्यावर काकी दारातच होत्या. खालचं काही त्यांना अजून कळलं नव्हतं.

"यवढी?" त्या म्हणाल्या. "एका दिवसात सगळी? जरा जरा करून वाजवली असती तर काय झाला असता?"

काका आत जाऊन पाणी प्यायले. दोन्ही तळव्यांवर साखळीच्या मुठीचे वळ होते. काकींनी ते बघितले, आणि पुढचं वाक्य गिळून तेलाची वाटी आणायला गेल्या.

संध्याकाळी मी आणि ते पुन्हा खाली गेलो. बाग रिकामी होती, खुर्च्या उचलत होते. इंजिन कोमट होतं. शौनकने कलश काढला होता, वायर तोडली होती. काकांनी मला कॅबमध्ये उजवीकडे उभं केलं, स्वतः बुधली घेतली आणि बाहेरून निघाले. कशासाठी, ते मी विचारलं नाही. इंजिन तर आता कुठेच जायचं नव्हतं. मला ते दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते: बुधलीचा कुटकुट आवाज, चाकावर हात फिरवल्याचा, मग शिडीवर पावलं, धापा टाकत, वर वाल्वपाशी बराच वेळ काही नाही, मग पुन्हा खाली.

शेवटी पत्र्यावर पाना वाजला. टक टक.

मी मग फावडं घेऊन वाजवलं.

"हळू," बाहेरून आवाज आला. "रंग जायत."